खरखरकाकांच्या बातम्या

माझे काका निवांत बसले आहेत, असं दृश्य मी अजून पाहिलेलं नाही. जेवताना त्यांचा एक पाय असा टेकवलेला असतो, की आत्ता उठतील. दाढी करताना खिडकीपाशी जातात, तिथून दारापाशी, अर्ध्या गालाला फेस तसाच. पायाला भिंगरी असलेली माणसं निदान गावोगाव हिंडून तरी येतात. काका मात्र आयुष्यभर दोन खोल्या, एक बाल्कनी आणि पाणीपुरवठ्याचं पंपघर एवढ्यातच फिरत राहिले. काकू म्हणते, "पहिल्यांदा भेटले तेव्हा चहा संपेपर्यंत चारदा उठले. मला वाटलं, लाजतायत बिचारे."

बिल्डिंगमध्ये त्यांना खरखरकाका म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही, कारण काका चिडले की जिना दणाणतो. नाव पडलं ते त्यांच्या रेडिओवरून. जाडजूड पुस्तकाएवढा काळा रेडिओ, वरती मूठ, कातडी पिशवीची शिवण दोनदा घातलेली, एरियलचा शेंडा कधीतरी दारात अडकून वाकलेला. बारा बँडचा. पुढच्या काचेवर आकड्यांच्या ओळींवर ओळी आणि त्यांच्यामधून सरकणारा लाल काटा. हा रेडिओ संध्याकाळी सुरू झाला, की आधी खरखर, मग शिट्टी, मग कुठल्यातरी अनोळखी भाषेत कुणीतरी तावातावाने बोलणार, मग एकदम गाणं, मग पुन्हा खरखर. मी दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसते. आतल्या ड्रिलचा आवाज आठ तास ऐकून घरी यावं, तर दुसऱ्या मजल्यावरून हे संगीत. आम्ही तळमजल्यावर राहतो, तरी ऐकू येतं.

काकांनी तो रेडिओ पहिल्या पगारात घेतला. त्याआधी ते जहाजावरच्या वायरलेस ऑपरेटरची परीक्षा पास झाले होते आणि जायचं नक्की होतं. पण आजोबांनी अंथरूण धरलं, थोरला भाऊ म्हणजे माझे बाबा तेव्हा शिकत होते, आणि काका पंपघरात चिकटले. आजोबा पुढे ठणठणीत बरे होऊन वीस वर्षं जगले, हा भाग आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. स्वतःला जगात जाता आलं नाही, म्हणून काकांनी जग घरी आणलं आणि ते बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेला जोडलं. खरंच जोडलं. एरियलला चिमट्याची वायर, वायरचं दुसरं टोक तारेला. त्यामुळे काकूला संध्याकाळी तारेवर एक रुमालही टाकता येत नाही. ओले कपडे असले की आवाज बसतो म्हणे.

पंपघरात रेडिओचा उपयोग नाही. तिथे दोन मोटरी चालू आणि तिसरी राखीव, जमिनीतून पायात चढणारी थरथर, व्हॉल्व्हची माणसाएवढी चाकं, आणि भिंतीवर प्रेशरचे काटे. मोटरींच्या आसपास शॉर्टवेव्हवर नुसता घुमारा येतो. आठ तास काका त्या घुमाऱ्यात काट्यांवर नजर ठेवून फेऱ्या मारत, आणि घरी आले की बूट काढायच्या आधी बटण फिरवत.

आणि त्यांच्या मांडीवर ताई. काकांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला अक्षरं यायच्या आधी मीटर-बँड यायचे. काका काटा फिरवायचे आणि ती ओळखायची, हे कुठलं केंद्र, ही कुठली भाषा. मग ती टेबलाखाली बसून तोंडासमोर वरणाचा डाव धरून बातम्या द्यायची आणि काका टाळ्या वाजवायचे. अशा पोरीने मोठेपणी काय करायचं होतं? सातासमुद्रापारच्या एका केंद्रात आपल्या भाषेतल्या बातम्या वाचायची नोकरी तिला लागली. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी काकांनी जिना दणाणून सोडला. "गेलीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!" ताई बापाचीच मुलगी. गेली.

मला तेव्हाही कळत होतं आणि आत्ताही कळतं, की काकांना राग आला तो ती चालली याचा नव्हता. ते स्वतः राहिले होते, याचा होता. पण असं कोण कुणाला सांगणार? बाबांनी एकदा प्रयत्न केला, तर काकांनी महिनाभर आमच्याकडे पाऊल टाकलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, एकतीस मीटरवर काटा फिरवताना, तिचा आवाज लागला. काकू भाजी चिरत होती, तिने मला पुढे सांगितलं. आवाज आला आणि काकांचा अंगठा बटणावर जागच्या जागी थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या मागे लागून कायमची सकाळपाळी मागून घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात 'बातम्या' लागत. कुणाच्या, ते कुणी म्हणायचं नाही. मी एकदा जीभ सैल सोडलीच. "काका, तोंड दाखवू नकोस म्हणालात ना? मग हे काय?"

"तोंड म्हणालो होतो," काका काट्यावरची नजर न काढता म्हणाले. "आवाजाचं काही बोललो नव्हतो."

असं सात-आठ वर्षं चाललं. आवाज कधी स्वच्छ, कधी पाण्याखालून आल्यासारखा. तो बुडायला लागला की काका रेडिओ उचलून बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला, मग स्टुलावर, मग कठड्याला टेकून एक हात एरियलला. बातम्या संपल्या की "आज छान आल्या" किंवा "आज काही खरं नाही" एवढं काकूला सांगून पुन्हा फेऱ्या.

आणि मग एका संध्याकाळी त्या बातम्यांच्या शेवटी ताईच्याच आवाजात सांगितलं गेलं, की या महिन्याच्या अखेरीस आपल्या भाषेतला हा विभाग बंद होत आहे. श्रोत्यांचे आभार.

त्या दिवसापासून काकांनी आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. घरातल्या घरात इतकं चालू लागले, की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. रेडिओचे सेल उन्हात ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे. बाबा म्हणाले, "अरे, फोन उचल आणि बोल तिच्याशी. नंबर मी देतो." काका उठून गेले. फोन म्हटलं की त्यांना आधी बोलावं लागणार, आणि आधी बोलायचं म्हणजे तो दणाणलेला जिना गिळावा लागणार. मला खरी भीती वेगळीच होती. महिना संपला की आवाजही जाणार. मग या बापलेकींमध्ये उरणार काय? तोंड आधीच बंद होतं.

त्यात भर म्हणून नवी घरघर सुरू झाली. काकांची नेहमीची खरखर मोकळी असते, श्वास घेत येते-जाते. ही तशी नव्हती. बातम्यांची वेळ झाली, की घर्रर्र, एकसारखी, घट्ट. ताईचा आवाज तिच्यामागे दबून जायचा. काकांनी दोन दिवस ऐकून निकाल दिला, "हे आकाशातलं नाही. हे कुणाच्या तरी घरातलं आहे."

मग शोध सुरू झाला. काकांची पद्धत अशी, की एरियल पूर्ण मिटवायचं, रेडिओ छातीशी धरायचा आणि घरघर जिकडे वाढेल तिकडे चालत जायचं. आजकाल घरातली कुठलीही वस्तू रेडिओच्या कानात ओरडते, म्हणे. दिवे, पंख्याचे रेग्युलेटर, टीव्हीचे डबे. शिकवण्या घेणाऱ्या बाईंचा दिवा कुरकुरताना सापडला. काकांनी भर शिकवणीत खुर्चीवर चढून तो काढला आणि आपल्या घरचा लावला. घरघर तशीच. समोरच्या वर्कशॉपवाल्याचा पंखा बंद करायला लावला, ऐन उकाड्यात. घरघर तशीच. तिसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांच्या दारात काका बेल न वाजवता रेडिओ भिंतीला लावून उभे राहिलेले सापडले.

"काका, माझ्या घरात कोणता स्विच केव्हा लावायचा, हे आता तुम्ही ठरवणार?"

"फक्त पंधरा मिनिटं. संध्याकाळची."

"एवढं काय असतं हो त्या बातम्यांत?"

याचं उत्तर द्यायचं सोडून काकांनी सेक्रेटरींच्या वायरिंगवर भाषण दिलं. हात दाखवून अवलक्षण. घरघर टाळायला काका रेडिओ घेऊन गच्चीत जायला लागले होते; दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

आपलं घर काकांनी तपासलं नव्हतं असं नाही. रेडिओ घेऊन ते बाल्कनीतून आत येत, स्वयंपाकघराकडे निघत, घरघर वाढत जाई आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की एकदम बंद. असं तीनदा झालं. "बघ," काका मला अभिमानाने म्हणाले, "आपलं घर साफ आहे. भिंतीपलीकडून येतंय." मला ते चमत्कारिक वाटलं होतं, पण मीटर आणि बँडमधलं मला काय कळतं, म्हणून गप्प राहिले.

शेवटच्या बातम्यांच्या दिवशी मी दवाखान्यातून लवकर निघाले. काकूला एकटं सोडवेना. वर गेले तेव्हा काका घरात नव्हते. रेडिओ बाल्कनीत तारेला जोडलेला, घर्रर्र करत होता. जिन्यातून काकांचा आवाज येत होता. ते सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागत होते आणि सेक्रेटरी, इतक्या दिवसांचं सगळं साठवून, नाही म्हणत होते.

"आज तरी द्या हो! आजच्या दिवस!"

"रोजच आजच्या दिवस असतो तुमचा, काका."

काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. माझी चाहूल लागताच तिचा हात धान्याच्या डब्यांमागे गेला. आणि बाल्कनीतली घरघर थांबली.

मी डबा बाजूला केला. मागे भिंतीतला सॉकेट, त्यातून अर्धवट उपसलेला स्वस्तातला चार्जर, आणि त्याच्या वायरच्या टोकाला काकूचा फोन.

"मला वाटलं, ते आले," काकू ओशाळून म्हणाली. मग तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. ताईशी ती रोज बोलते. काका पाळीवर गेले की, सकाळी. दोन-दोन तास. बॅटरी संपते. फोन सारखा चार्जिंगला दिसला तर काका विचारणार, एवढं कुणाशी बोलतेस, आणि तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून काका बाल्कनीत बातम्यांना बसले की ती फोन लावते, कारण तेवढा एकच वेळ असतो जेव्हा ते आत येत नाहीत. "जुना चार्जर जळला गं. हा हातगाडीवरून घेतला. आणि हल्ली तेही मेले सारखे आत येतात तो रेडिओचा डबा घेऊन. पाऊल वाजलं की काढून ठेवते."

मी चार्जर आत ढकलला. बाल्कनीत घर्रर्र. बाहेर काढला. शांत. पुन्हा आत. घर्रर्र.

काकू भिंतीला टेकली. "म्हणजे इतके दिवस... मीच?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण काकू फोनकडे बघत होती. "बातम्या संपल्या की लगेच फोन करणार आहे ती. म्हणाली, आज घरी जायला नको वाटेल, तुझ्याशी बोलेन. सकाळभर रडलो आम्ही दोघी. यात आता काही म्हणजे काही चार्ज उरलेला नाही."

"माझ्या फोनवर बोल मग."

"बोलेन." काकूने चार्जर सॉकेटमधून उपटून मुठीत घेतला. "पण मला आता लपवायचा कंटाळा आलाय गं. एकाने चोरून ऐकायचं, एकीने चोरून बोलायचं. काय घर आहे का हे!"

तेवढ्यात काका आत आले. किल्ली मिळाली नव्हती. चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना चिडलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, असं कधी नाही. "गेलं," ते म्हणाले. "शेवटचं होतं. तेही गेलं." ते तसेच बाल्कनीकडे निघाले आणि मधेच थांबले. घरघर नव्हती.

काकूने त्यांचा हात धरून चार्जर तळहातावर ठेवला. "हा घ्या. हाच होता. आपल्याच घरात."

काकांनी चार्जर उलटा केला, सुलटा केला. मग फोनकडे पाहिलं. "रोज संध्याकाळी? एवढं बोलतेस तरी कुणाशी?"

"तिच्याशी," काकू म्हणाली. "रोज. ती गेली त्या आठवड्यापासून."

आता जिना दणाणणार म्हणून मी श्वास रोखला. काकांनी तोंड उघडलंही. पण बाल्कनीत त्या केंद्राची सुरुवातीची धून वाजली, काचेसारखी स्वच्छ, आणि रागवायला वेळच उरला नाही. काका धावले. आम्ही मागोमाग.

ताईने बातम्या वाचल्या. नेहमीच्याच बातम्या, कुठे निवडणूक, कुठे भूकंप. एकेक शब्द सुटा, गावांची नावं दोनदा. काकांचा कान रेडिओला जवळजवळ चिकटला होता.

"किती सावकाश वाचतेय," मी पुटपुटले.

"मीच सांगितलं सकाळी," काकू हलकेच म्हणाली, "की हल्ली फार घरघर आहे, बाबांना शब्द लागत नाहीत."

काकांनी मान वळवली. "तिला ठाऊक आहे? मी ऐकतो ते?"

"अहो, तिचा रोजचा पहिला प्रश्न तोच. काल ऐकू आलं का बाबांना? तुम्ही 'आज काही खरं नाही' म्हणालात, की दुसऱ्या दिवशी ती सावकाश वाचते. तिचे साहेब ओरडायचे तिला त्यावरून."

काका पुन्हा रेडिओकडे वळले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले ते शेवटपर्यंत. ताईने श्रोत्यांचा निरोप घेतला. तिचा आवाज कुठेही हलला नाही, तिचं कामच आहे ते. धून वाजली. मग काही क्षण नुसती एक पोकळ शांतता, आणि मग तीही कुणीतरी बंद केली. एकतीस मीटरवर खरखर उरली. काकांनी काटा थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. मला बघवेना.

काकू आत गेली आणि डब्यांमागे तिने चार्जर लावला. घर्रर्र करून रेडिओ ओरडला. काकांनी एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि स्वतःच्या हाताने रेडिओ बंद केला.

फोनमध्ये जेमतेम जीव आला होता, तोच तो वाजला. काकूने उचलला, स्पीकर लावला आणि ताईला काही बोलू न देता म्हणाली, "थांब. हे इथे आहेत." फोन तिने काकांपुढे धरला.

वायर आखूड होती. काकांना ओट्याच्या कोपऱ्यात, डब्यांना खेटून उभं राहावं लागलं. ते सवयीने खिडकीकडे निघाले, तर चार्जर निसटायला लागला. परत आले. पलीकडे ताईचा श्वास ऐकू येत होता.

"छान आल्या," काका शेवटी म्हणाले. "आजच्या. अगदी स्वच्छ."

पलीकडे ताई रडायला लागली. बातम्यांत कधी न हललेला तो आवाज पार फुटला.

"बाबा, तुम्ही मला रोज ऐकलंत. मला तुमचा आवाज ऐकून आठ वर्षं झाली."

काकांचा चेहरा मी पाहिला. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती, ते स्वच्छ दिसलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, रोज भेट होते. तिकडे त्या पोरीने आठ वर्षं एका बंद खोलीत एकटीनेच बोलून काढली होती.

"काय बोलू?" त्यांनी घाबरून काकूला विचारलं.

"काहीही," ताईच म्हणाली. "काहीही बोला, बाबा."

काका खाकरले. त्यांना माफी मागता येत नाही, कधी आलीच नाही. ते भिंतीकडे बघत सांगू लागले, "आज पंपावर दोन नंबरची मोटर बंद होती. बेअरिंग गेलं. तीन नंबरवर काम चाललंय." ते थांबले. "मी पुढच्या वर्षी रिटायर होतोय. गुडघा दुखतो. चष्मा बदलला, दोनदा. तुझ्या खोलीतला पंखा वाजतो, पण काढलेला नाही." त्यांचा आवाज सावकाश झाला होता, एकेक शब्द सुटा. "गच्चीला कुलूप लावलंय लोकांनी. माझ्यामुळेच. तुझी आई... तुझी आई बरी आहे. मी तुला जे बोललो होतो, ते मला रोज ऐकू येतं. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ताई म्हणाली. "थांबू नका."